काका आणि खाडीकाठची पश्चिम

सोपी गोष्ट समजावून सांगता सांगता ऐकणाऱ्याला, स्वतःला आणि मध्येच येऊन बसलेल्या तिऱ्हाइतालाही गोंधळात टाकणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या आत्याचा नवरा निघाला. काका पेणच्या शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि नव्वद सालानंतरच्या चार वर्षांचे सगळे रविवार त्यांनी रोह्यापलीकडच्या, खाडीकाठच्या एका जुन्या दर्ग्याच्या आवारात काढले. आवार लहानच. मधे हौद, एका अंगाला काळ्या दगडाची तीन कमानींची मशीद, दुसऱ्या अंगाला घुमटाखाली पिराची कबर. आधी दर्गा की आधी मशीद, एवढाच काकांचा प्रश्न.

मी मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला. काका सांगत, "जावईबापू, पीर समुद्रातून आला असेल तर दर्गा आधीचा. घाट उतरून आला असेल तर मशीद आधीची."

"मग आला कुठून?"

"ते मशीद आधीची की नाही यावर आहे!"

मी मान डोलवायचो. कमानीतला चुना ते चक्क जिभेला लावून बघत. सकाळी तो बहामनी लागे, डबा खाल्ल्यावर निजामशाही. पण त्यांचा खरा पुरावा होकायंत्राचा होता. कबर आणि मशीद एकमेकींना तिरक्या आहेत, म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. हा तिरकेपणा दर रविवारी बदलायचा, तेव्हा ते नवी वही सुरू करायचे. पेणच्या इतिहासप्रेमींनी त्यांचं व्याख्यान ठरवलं, निमंत्रणं छापली, आणि काका आणखी एकदा मोजायला निघाले.

त्या दिवशी दर्ग्याची देखभाल करणारे म्हातारे चाचा जवळ येऊन उभे राहिले. "मास्तर, आज पश्चिम कुठं हाय? मागच्या रविवारी हौदाकडं होती."

"यंत्र सांगेल तिकडे."

"आमाला इचारा की! दिवसातनं पाच वेळा तिकडंच तोंड करतो आमी." असं म्हणून चाचांनी काकांच्या पत्र्याच्या पेटीवरचं होकायंत्र उचललं आणि फरशीवर ठेवलं. काटा डुलला, फिरला आणि दक्षिणोत्तर कबरीच्या रेषेत गुपचूप उभा राहिला. मशिदीची भिंतही त्याच रेषेत. तिरकं काहीच नव्हतं. चार वर्षं ती लोखंडी पत्र्याची पेटीच काटा ओढत होती.

काका हौदाच्या पायरीवर बसले. चाचांनी आणलेला कोरा चहा तसाच निवला. परतीच्या एसटीत त्यांनी पेटी सीटखाली सरकवली आणि होकायंत्र खिशात ठेवलं. मला वाटलं, व्याख्यान रद्द. पण ठरल्या दिवशी काका सभेपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, वाकडं माझंच होतं." मग पेटीची सगळी हकिगत सांगून खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

पुढे वर्षभर खपून त्यांनी आवाराचा नवा नकाशा काढला आणि चाचांना दिला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत काका गेले.

वर्षश्राद्धानंतर आत्या एकदम म्हणाल्या, "मला तिकडे घेऊन चल." एवढ्या वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या. चाचांनी भिंतीवर लावलेला नकाशा दाखवला. आत्यांना त्यातलं काही समजलं नाही, मला तरी कुठं समजलं होतं! त्यांनी फक्त विचारलं, "ते बसायचे कुठे हो?"

चाचांनी मधल्या कमानीची सावली दाखवली. आत्या पदर सावरून तिथे टेकल्या. आम्ही दोघं बाहेर हौदापाशी थांबलो. बराच वेळ झाला, पण त्यांना हाक मारायला कुणीच धजेना.