तुफानसेनाचं मूळ गाव

आमच्या घरात दैवी शक्तींचं वाटप रविवारी दुपारी, ओटा आवरल्यावर झालं.

वाटप करणारी आमची मुलगी मधुरा. ती सुपरहिरोंचे खेळ लिहिते. म्हणजे पुस्तकात एक संकट असतं, एक जण ते वाचून दाखवतो, बाकीचे आपापला हिरो काय करेल ते सांगतात आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. तिचं असं पहिलं पुस्तक नुकतंच छापून आलं होतं. त्यातली शेवटची लढाई तिने अख्खा पावसाळा घासूनपुसून लिहिली होती आणि ती घरच्यांनी खेळलेली तिला बघायची होती. तिचं मागणं एवढंच.

तिच्या बाबांना, म्हणजे लासलगावच्या कांद्याच्या व्यापाऱ्याला, लोखंड वाकवण्याची शक्ती मिळाली. सासूबाईंना अदृश्य होण्याची. ("त्यात नवीन काय? या घरात मी दिसते कुणाला?") मला उडण्याची. मी गॅस बंद आहे का ते बघून आले आणि उडाले.

मधुरा आवाज जड करून वाचू लागली. तुफानसेन नावाचा खलनायक गंगापूर धरणावर चढला होता. शहर ताब्यात दिलं नाही तर तो धरण फोडणार होता.

बाबा बाह्या सरसावू लागले. मी त्यांना थांबवलं. ओळखदेख नसताना एकदम हात उचलायचा, ही काय पद्धत झाली? मी उडत धरणावर गेले आणि कुठल्याही शहाण्या बाईने विचारलं असतं तेच विचारलं.

"तुम्ही मूळचे कुठले?"

मधुराने पान उलटलं, परत उलटलं. पुस्तकात तुफानसेनाची उंची होती, वजन होतं, तळहातातून पाणी किती जोरात सुटतं तेही होतं. गाव नव्हतं.

"...निफाड," ती म्हणाली.

झालं! सासूबाईंचं माहेर निफाडचं. अदृश्य सासूबाई ताबडतोब दिसू लागल्या. घर कुठल्या आळीत, आजी कुणाकडची, सगळं त्यांनी काढून घेतलं. मधुरा गडबडून उत्तरं देत गेली आणि तुफानसेन सासूबाईंच्या चुलतबहिणीचा नातू निघाला!

बाबांनी फासा खाली ठेवला. "म्हणजे माझा भाचाच की. भाच्यावर हात कसा टाकू?"

त्यांनी तुफानसेनाला ओळखीच्या एका द्राक्षबागायतदाराकडे चिकटवून दिलं. (तळहातातून पाणी येतं म्हणजे ठिबकचा खर्च वाचला.) सासूबाईंनी त्याला जेवायला बोलावलं. मी दोन चांगल्या मुली सुचवल्या. तुफानसेन शरण आला, शहर वाचलं आणि आम्ही मोठ्या अभिमानाने एकमेकांकडे पाहिलं.

मधुराने पुस्तकाची उरलेली पानं अंगठ्याने एकदा सर्रकन सोडली आणि पुस्तक मिटलं.

"छान खेळलात," ती म्हणाली.

शाळेच्या गॅदरिंगला तिचा नाच संपल्यावर आम्ही पोचायचो, तेव्हाही ती अशीच म्हणायची, "काही नाही, छान झालं." मला रडूबिडू येत नाही. मी सरळ पुन्हा धरणावर उडत गेले.

"तुफानसेन," मी म्हटलं, "निफाडची द्राक्षं आंबट असतात."

सासूबाई उठून तुफानसेनाच्या बाजूला जाऊन बसल्या. मधुराने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पुस्तक उघडलं.

लढाई काय लिहिलीय पोरीने! बाबा सोफ्यावर उभे राहून धरणाचे दरवाजे पेलत होते. (नव्या सोफ्यावर, चपला घालून! मी गप्प बसले.) सासूबाई स्वतःच्या मुलाविरुद्ध जीव तोडून लढत होत्या. मधुरा एकेक ओळ वाचायची आणि आमच्या तोंडांकडे बघत राहायची. शेवटचा फासा माझा होता. एक पडला.

धरण फुटलं. गंगापूर रोडपासून रामकुंडापर्यंत सगळं पाण्याखाली गेलं. आमची लेक मात्र इतकी हसली की तिला चष्मा काढून ठेवावा लागला.

तर, गोडीगुलाबीने वाचलेलं अख्खं नाशिक मी लेकीच्या शेवटच्या प्रकरणासाठी बुडवलं. वेळ आली तर पुन्हा बुडवीन. फक्त त्याआधी गच्चीवरचे कपडे काढून आणीन.