डबी परत जागेवर

ट्रान्झिट कॅम्पच्या नळावर तेव्हा मी होते, शेजारची शेवंता, तिचा नवरा बाबल, आणि हाफपँटीतला एक अनोळखी बाप्या. हातातलं मशीन बघत तो टाकीभोवती फिरत होता.

बाबल म्हणाला, "काय साहेब, बिल्डरनं मापं घ्यायला धाडलं?"

"नाही हो, खेळ आहे. कोणीतरी डबी लपवलीय, हे जीपीएस जागा दाखवतं. माझी पहिलीच वेळ."

"जागा दाखवतंय, मग गटारात हात कशाला घालताय?" शेवंता हसली.

शेवटी पाइपामागं डबी मिळाली. आतल्या कागदावर नाव लिहून त्यानं ती परत तिथंच ठेवली.

"घेऊन जा की," मी म्हटलं.

"नाही आजी. काढली की परत जागेवर ठेवायची, हाच नियम."

डिलाईल रोडच्या चाळीतून आम्हाला काढून इथं आणताना बिल्डरपण हेच बोललेला, नवी इमारत झाली की परत जागेवर. आमचा म्हातारा वाट बघत इथंच गेला.

वाचणाऱ्या बाबा, तुला बिल्डर भेटला तर त्याला हा खेळ शिकव.