मागच्या सीटखालचं फडकं

हावड्याच्या पुलावर आमची गाडी अडकली होती आणि माझी सहा वर्षांची मुलगी हलवूनही जागी होत नव्हती. मान कललेली, तोंड लालबुंद. तिच्या शेजारी सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, त्याचा अर्थ लागत नव्हता. मी पुढच्या सीटवरून वळून मुलीच्या गालावर दोन चापट्या मारल्या. तिने डोळे उघडले नाहीत.

मी उतरले, मागचं दार उघडून तिला ओढून बाहेर काढलं आणि कठड्यापाशी नेलं. मागचे बसवाले हॉर्न वाजवत होते.

"अगं, रस्ता सुटेल आता!" हे गाडीतून ओरडले. "नाटकं करतेय ती. आत घे."

नाटकं हा शब्द यांचा नव्हे. तो घरात मी आणला होता.

यांची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. सहाव्या वर्षी ती आमच्यापेक्षा मोलकरणीशी जास्त बोलायची, आणि तेही बंगालीत. म्हणून रविवारी संध्याकाळी हावड्याला एका मराठी मास्तरांकडे मुलांचा वर्ग भरे, तिथे तिला नेत होतो. दिवाळीनंतर दर रविवारी पुलापर्यंत पोहोचेतो तिचं डोकं दुखायला लागायचं आणि मास्तरांच्या दारात ती ओकायची. शाळेत जाताना नाही, बाजारात जाताना नाही. बाराखडी चुकवायला करते, असं मी ठरवलं. गाडी पुलावर अडकली त्याच्या आधीच्या रविवारी तिला मारलंही होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझंही डोकं दुखतं गं गाडीत." त्यांना मी म्हटलं, "तुम्ही नातीची बाजू घेऊ नका."

पुलावरच्या वाऱ्यात बऱ्याच वेळाने ती ओकली. मग डोळे उघडून डोकं दुखतंय म्हणाली, बंगालीतच. मागे पाहिलं तर सासूबाईंचं तोंडही तसंच लाल. तो लाल रंग मी ओळखला. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात खोलीची दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवली होती. बहीण अशीच लाल होऊन पडली, तेव्हा सुईणीने लाथेने दार उघडलं होतं.

मी गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या आणि यांना म्हटलं, "डॉक्टरांकडे चला." यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि रस्ता सुटताच गाडी डॉक्टरांकडे घेतली.

डॉक्टरांनी दोघींना दोन दिवस ठेवून घेतलं. हे मिस्त्रीकडे गेले. गाडी जुनी होती, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची घेतलेली. मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, दोन चकरा मारल्या आणि गाडी ठणठणीत आहे म्हणाला. मग यांना घेऊन मी स्वतः गेले आणि शेगडीसारखा विषारी गॅस गाडीत भरतोय म्हणाले.

"बौदी, गॅस होतो आम्हा बंगाल्यांच्या पोटात," मिस्त्री हसून म्हणाला; तिथे वहिनीला बौदी म्हणतात. "गाडीत होत नाही. धूर मागच्या नळीतून बाहेर जातोय, बघा."

"चौथी पास बाई आता तुला शिकवणार," हे त्याला म्हणाले.

"मग तुम्ही मागे बसा," मी यांना म्हटलं. "अर्धा तास, काचा लावून."

हे बसले नाहीत.

मी घरून धुतलेल्या धोतराचा तुकडा नेला होता. मागची सीट काढायला लावली, फडकं खालच्या पत्र्यावर अंथरलं, सीट परत बसवली. काचा लावल्या, इंजिन चालू ठेवलं. आत कोणी नाही. तिघं बाहेर उभे राहिलो. अर्ध्या तासाने सीट उचलली. फडक्यावर भाकरीएवढा काळा डाग होता. डागाखाली पत्रा गंजून भोक पडलं होतं. मिस्त्री गाडीखाली शिरला, मला नळीच्या तोंडात ओला बोळा दाबून धरायला सांगितलं. सांध्यापाशी नळी फाटली होती, तिथून फुसफुस ऐकू आली.

तो बाहेर आला, फडकं हातात घेऊन उजेडात गेला. हसणं गेलं होतं. "मी काच उघडी ठेवून चालवली, बौदी," तो म्हणाला.

हेही तसेच चालवायचे. तेव्हा वळायचं तर उजवा हात बाहेर काढून दाखवावं लागे, म्हणून यांची काच कायम खाली. यांचं डोकं कधी दुखलं नाही, शेजारी बसून माझंही नाही. बाकीच्या काचा मी लावून घ्यायचे. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लोगल्ली कोळशाच्या चुली पेटत आणि धूर रस्त्यावरच बसून राही. तो मुलीच्या छातीत जाऊ नये म्हणून लावायचे. गाडीत वास आला तरी तो शहराचाच वाटायचा. सकाळी शाळेला जाताना काचा उघड्या असत.

नळी बदलली, पत्र्याला ठिगळ मारलं. यांनी ती गाडी आणखी चार वर्षं चालवली. त्या गोष्टीवर हे कधी बोलले नाहीत. मुलीला मारल्याचं मीही कधी काढलं नाही.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. विसरायला मात्र त्याच हिवाळ्यात लागल्या, शेवटी शेवटी मलाही ओळखत नव्हत्या. मुलगी वाचली.