मयताच्या घरच्या रोट्या

पाकिस्तानातल्या शांगल्याच्या डोंगरातल्या त्या गावात बख्तमीनाला सगळ्यांचं सगळं ठाऊक असे. काही गोष्टी तर घडायच्या आधीच. गावात कुणाचं माणूस गेलं की त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण पुरवतात. पहिली टोपली नेहमी बख्तमीनाची. रोट्या द्यायच्या आणि परतताना चार घरांच्या भानगडी गोळा करून आणायच्या, हा तिचा चाळीस वर्षांचा रिवाज.

त्या दिवशी कोळशाच्या खाणीतून बहरमंदचं प्रेत आणलं. तिचा एकुलता एक मुलगा. अंगणात बायकांनी आकांत मांडला आणि बख्तमीनाच कुठे दिसेना. शेजारची स्पोगमई परसात गेली, तर ही पेटत्या तंदुरात भराभरा रोट्या थापतेय.

"आत्या, हे काय गं?"

"बघत काय उभी राहिलीस, आळशे? टोपली आण. मयताच्या घरी न्यायच्यात. बिचारे उपाशी असतील."

स्पोगमईनं तिचा पिठाळ हात धरला. "आत्या, ते घर तुझंच गं."

बख्तमीनानं हात सोडवून घेतला आणि तंदुराकडे बोट केलं.

"मग या जाळावर पाणी तूच ओत," ती म्हणाली. "माझ्यानं नाही व्हायचं."