चौथी खुर्ची

सोफा बघायला फर्निचरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार सांगत होता, "आता देशभर घडीच्या टेबलांना मागणी आहे. घरं लहान झाली ना!"

शेजारी पन्नाशीतलं एक जोडपं जेवणाचं टेबल बघत होतं. बोलण्यावरून कळलं, घरात दोन मुलगे आणि हे दोघं.

"तीन खुर्च्या पुरे," नवरा दुकानदाराला म्हणाला. "ही वाढत असते, बसते कुठे?"

"चार घ्यायच्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमचं सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवले. आता तुमच्याबरोबर बसून गरम जेवणार."

"मग वाढणार कोण?"

"भांडी टेबलावर ठेवायची. ज्याचं त्यानं घ्यायचं."

काय खपतं ते घरांच्या आकारावर ठरतं, असं मी समजत होतो. पण मागणी अशीही तयार होते, एखाद्या बाईच्या मनात, वर्षानुवर्षं. आपल्याच घरातली आपली जागा कधीतरी मोठ्यानं मागावी लागते, आणि मागितली की ती मिळते, हे त्या दिवशी मी पाहिलं.

बाई खुर्ची ओढून पाठ टेकून बसल्या. नवरा क्षणभर उभाच राहिला. मग समोर बसत त्यानं विचारलं, "उंची बरोबर आहे का गं तुला?"