दूतावासातली सामाईक विहीर

नायगावातले निम्मे टॉवर आधी चंद्रहास भोईरच्या गुडघ्याएवढे होते. मग बिल्डरांनी ते वाढवले. गोखिवऱ्यातल्या त्याच्या गाळ्यात सव्वीस वर्षं इमारतींची मॉडेलं होतात. ॲक्रिलिक कापायचं, चिकटवायचं, स्पंज हिरवा रंगवून झाडं लावायची. जागेवर एकही झाड लागणार नाही याची बिल्डरला जितकी खात्री, तितकी मॉडेलात झाडं जास्त, हा त्याचा अनुभव. कुणी त्यावर हसलं तर म्हणायचा, "माझी झाडं तरी कुणी तोडत नाही."

या सव्वीस वर्षांत त्याने आपल्या मनाची म्हणून एक खिडकीसुद्धा कुठे बसवली नव्हती. ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच. त्यामुळेच अश्लेषा मॅडमने दूतावासाचं काम त्याला दिलं. ती आर्किटेक्ट, राहायला बोळिंजला, ऑफिस मुंबईत. दूरच्या एका देशात आपला नवा दूतावास बांधायचा होता, त्याची स्पर्धा होती आणि तिच्या ऑफिसचं डिझाइन शेवटच्या पाचांत आलं होतं. शुक्रवारी दुपारी एकला मॉडेल टेम्पोत चढायला हवं होतं. ड्रॉइंगशी जुळलं नाही तर डिझाइन बाद, हे तिने दोनदा बजावलं. तसं झालं तर त्या ऑफिसचं काम पुन्हा गोखिवऱ्याला येणार नाही, हे न बजावताही कळत होतं.

ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : दोन देशांमधला संवाद. दुसऱ्या पानावर भिंत होती. अलीकडे आपल्या अधिकाऱ्यांचं अंगण, पलीकडे व्हिसासाठी येणाऱ्या तिथल्या लोकांचं. भिंत काचेची, म्हणजे दोघं एकमेकांना दिसत राहतील. चंद्रहासने चष्मा पुसला आणि कामाला लागला.

भिंतीच्या मधोमध, तिच्याखाली, तुटक रेघेचं एक वर्तुळ होतं. तुटक रेघ म्हणजे जमिनीखालची वस्तू. इथे पावसाच्या पाण्याची टाकी. ती मॉडेलात दाखवत नाहीत. हे चंद्रहासला माहीत नव्हतं असं नाही. पण वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला हद्दीवर गोल दिसला की तिथे सामाईक विहीर दिसते. जमिनीचे तुकडे होतात, विहिरीचे होत नाहीत. म्हणून वई, म्हणजे वाडीचं कुंपण, दोन्ही बाजूंनी काठापर्यंत येते आणि थांबते. विहिरीवरून भिंत नेणारा शहाणा त्याने अजून पाहिला नव्हता. डोकं दुसऱ्या कामात, एका टॉवरच्या मॉडेलात होतं, हात आपले चालले. गुरुवारी संध्याकाळी काचेची भिंत मधे तुटलेली होती आणि तिथे कठड्यासकट, तीन सेंटिमीटर, म्हणजे खऱ्यात तीन मीटर, रुंदीची विहीर होती. निळं पाणीसुद्धा भरलेलं.

शुक्रवारी सकाळी नऊला अश्लेषा आली. मॉडेलाभोवती एक फेरी मारली आणि दुसऱ्या फेरीत थांबली.

"काका, ही टाकी आहे. जमिनीखाली."

"हो."

"मग वर कशी आली?"

"चुकलो," चंद्रहास म्हणाला.

दुरुस्त करायला किती वेळ, हे तिने विचारलं. दोन तास. म्हणजे जमण्यासारखं होतं. त्याने काचेची नवी पट्टी कापूनही आणली. पण विहीर उपटायची वेळ आली तेव्हा पट्टी हातातच राहिली, आणि कधी नव्हे ते तो बोलायला लागला.

वसईजवळच्या नायगावात त्याच्या वाडीला लागून युजीनची वाडी. एका जांभळीच्या फांदीवरून दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद आहे. वईपलीकडे दिवसभर एकमेकांना दिसतात. दिसण्याने काडीचा फरक पडलेला नाही. पण विहीर सामाईक. पंपाचं बटण युजीनकडे, पाणी वळवायचा कॉक चंद्रहासकडे. कॉक उघडल्याशिवाय पंप चालू केला तर पाइप फुटतो. त्यामुळे रोज सकाळी दोघांना विहिरीवर यावंच लागतं. "पानी सोडू?" "सोड." अकरा वर्षांच्या भांडणात एवढे तीन शब्द टिकून आहेत. गेल्या वर्षी युजीनची बायको लविना आजारी होती, तेव्हा "सोड"च्या मागून "कशी हाय आता?" हेही निघालं. जांभळीचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

"काचेतून नुसतं दिसतं, मॅडम," तो म्हणाला. "बोलायला दोघांचं काहीतरी एकाच ठिकाणी अडलेलं लागतं."

"ही नायगावची वाडी आहे का काका? सिक्युरिटीवाले मला फाडून खातील."

"तीन मीटर पाणी आहे मधे. ते पोहून जाणारा व्हिसाच्या रांगेत कशाला उभा राहील?"

तिला हसू आलं, ते तिने आवरलं. मग फोन घेऊन गाळ्याबाहेर गेली आणि भागीदाराशी बराच वेळ इंग्रजीत बोलली. चंद्रहास पट्टी धरून उभा. शेजारच्या गाळ्यातल्या लेथ मशीनमुळे त्याला फक्त 'नो' ऐकू येत होतं, आणि ते ती विहिरीला म्हणतेय की विहीर उपटायला, ते कळत नव्हतं.

आत आल्यावर तिने टेबलावरचा ॲक्रिलिकचा चुरा बाहीने सारला आणि लॅपटॉप उघडला. ड्रॉइंग तीन वाजेपर्यंत बदलून पाठवता येत होतं. सव्वीस वर्षं चंद्रहासने ड्रॉइंगबरहुकूम मॉडेल केलं. मॉडेलबरहुकूम ड्रॉइंग होताना तो पहिल्यांदाच बघत होता.

"बाद झालो तर दोघं मिळून घरी बसायचं," ती म्हणाली. "कठडा किती उंच?"

"कोपर टेकेल इतका. पाणी भरून झालं तरी माणूस लगेच निघत नाही."

"मिलिमीटरमध्ये सांगा ना."

त्याने टेप काढून स्वतःच्या कोपरापर्यंत मोजलं. तीन फूट दोन इंच. अश्लेषाची बोटं थांबली. तिथली माणसं आपल्यापेक्षा बरीच उंच असतात म्हणाली.

चंद्रहासने थोडा विचार केला. "मग दोन इंच वाढवा. ते जरा वाकतील, आपण जरा टाचा उचलू."

तिने आकडा टाकला : १०१६. त्याने हातातली पट्टी भंगाराच्या खोक्यात टाकली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.