ज्वारीचा पंप कपाशीवर

परवा उटनूरला तरुणांच्या शिबिरात एक कोट घातलेला माणूस सांगत होता, की अपयश ही यशाची पहिली पायरी असते. पोरं माना हलवत होती. मागच्या फलकावर माझा फोटो होता आणि खाली लिहिलेलं, यशस्वी उद्योजक. मी मनात म्हटलं, बापा, पायरी असते हे कबूल, पण तिच्याखाली कोण चेंगरलं ते बी सांग की जरा. माझी पाळी आली तेव्हा मात्र मीही दोन-चार गोड वाक्यं बोललो, शाल घेतली आणि खाली बसलो. खरं काय ते तिथं बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितो.

आमचं गाव सीमेवरचं. नाल्याच्या पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेलुगू मुलखात आम्ही. रान काळं, त्यात कपाशी, आणि कपाशीच्या अंगाला ज्वारीचा एक पट्टा, घरच्या भाकरीपुरता. भाताला आमची म्हातारी माणसं जेवण म्हणतच नाहीत, त्यामुळं हा पट्टा सुटत नाही. माझी चूक निघाली ती याच पट्ट्यातून.

त्याआधी मी दोन धंदे बुडवले होते. भैंसा गावात चपलांचं दुकान टाकलं, ते दीड वर्षात आटोपलं. मग मंडप-डेकोरेशन केलं, त्यातलं कापड उंदरांनी खाल्लं. गावात लोक तोंडावर म्हणायचे, याला सोनं द्या, माती करून आणतो. तिसऱ्या खेपेला मी इंजिनाचा फवारणी पंप घेतला. मोठी टाकी, लांब पाईप. लोकांच्या वावरात जायचं, दिवसाकाठी पाच-सहा एकर मारायचे. मजूर मिळत नव्हते, म्हणून धंदा चालला. पहिल्यांदाच चालला. मला त्याची इतकी भीती वाटायची की काय सांगू. हाही गेला तर आता तोंड दाखवायला जागा नाही, हेच डोक्यात.

पहिलं बोलावणं दिलं ते शेजारच्या काकूनं. काका जाऊन वर्ष झालं होतं आणि चार एकर वावर ती एकटी करत होती. तिच्या दिरांना ते पसंत नव्हतं. चार माणसांत त्यांनी तिला सांगितलं होतं, की एक साल करून पाहा, पीक आलं तर ठीक, नाही आलं तर पुढच्या सालापासून वावर मी वाहीन, तू घरी बस. काकू हो म्हणाली होती. म्हणजे त्या वर्षीच्या कपाशीवर तिचं वावर टांगलेलं होतं, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यात औताला गडी मिळेना तेव्हा तिनं पदर खोचून स्वतः कोळपणीचा डवरा धरला. आमच्याकडं बाईनं औताला हात लावू नये म्हणतात. लोकांनी नाकं मुरडली, एकदोघांनी तर पुढं काय होते ते पाहाच म्हणून ठेवलं.

तो दिवस जुलैचा होता. सकाळी मी माझ्याच ज्वारीत गवताचं औषध मारलं. त्याला आमच्याकडं तेलुगूत गड्डी मंदू म्हणतात, घरातही तेच म्हणतो. ज्वारीला त्यानं काही होत नाही, पण रुंद पानाचं तण जळून जातं. कपाशी ही रुंद पानाचीच, हे मला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. दुपारी काकूचा निरोप आला, मावा पडला आहे, आजच मारून दे. आभाळ भरून येत होतं. मी परसात टाकीत दोनदा पाणी फिरवलं, पाईपमधून सोडलं आणि निघालो. बायकोनं विचारलं, पंप धुतला ना नीट? मी खेकसलो, तू मला शिकवू नको.

पहिली टाकी मारताना पाईपाच्या तोंडाला तो गोडसर उग्र वास आला होता. आला होता, हे मी आज शपथेवर सांगतो. तेव्हा मी मान वळवली आणि चालत राहिलो. नाल्याकडचा अर्धा भाग पहिल्या टाकीत झाला, वरचा भाग पुढच्या टाक्यांत. संध्याकाळी काकूनं भाकर-पिठलं खाऊ घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परसात गेलो तर भेंडीच्या झाडांनी माना मोडलेल्या. पंपाचं धुतलेलं पाणी जिथवर वाहिलं होतं तिथवरच. शेंडे पिळवटलेले, देठ वाकडे. त्या पलीकडची दोन झाडं ठणठणीत उभी होती. मी तिथंच उकिडवा बसलो. भेंडी आणि कपाशी एका जातीची झाडं.

त्याच पावली काकूच्या वावरात गेलो. कपाशी हिरवीगार! मावा गेलेला, पानं तकतकीत. तेच जास्त भीतीचं होतं, कारण हे औषध थोडं असलं तर लगेच दिसत नाही. नव्या पालवीतून येतं, आठवड्यानं. वावरात माझ्याशिवाय कोणाला काही माहीत नव्हतं. काकू धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, हसून म्हणाली, हात गुणाचा आहे रे तुझा, आणि चहा ठेवला. मी तो प्यालो.

तिथून मंडलाच्या गावी, आमच्याकडचा तालुकाच तो, शेतीऔषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार जुना माणूस, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आज सांगितलंस तर जास्त लागलेला भाग मोडून तूर पेरता येईल, वेळ अजून आहे. कमी लागलेल्याचे शेंडे खुडले तर झाड फुटतं. पण आठवडाभर थांबलास तर तुरीची वेळ जाते. एवढं सांगून तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, पण तू सांगू नको. बियाण्यावर ढकल, रोगावर ढकल. एकदा का पंपवाल्यानं वावर जाळलं म्हणून नाव झालं, की तुला कुत्रं विचारणार नाही.

दोन्ही सल्ले एकाच तोंडातून आले. मी दुसरा घेतला.

सहा दिवस गप्प राहिलो. ते सहा दिवस मला अजून नीट मोजता येतात. रोज काहीतरी निमित्त काढून मी तिच्या धुऱ्यावरून जायचो, रोज ती चहाला बोलवायची, रोज मी वाकून शेंडे पाहायचो आणि म्हणायचो, झकास आहे काकू. फवारणीच्या पाचव्या दिवशी नाल्याकडचे शेंडे मान टाकू लागले. ती म्हणाली, ऊन लागलं असल. सातव्या दिवशी नवी पानं निघाली ती अरुंद, लांबोडी, भेंडीच्या पानासारखी. काकूनं मातीचं काळं मडकं आणून मधोमध टांगलं, नजर लागली म्हणून. गावात मात्र दुसरंच सुरू झालं. बाईनं डवरा धरला, रान विटाळलं, आता भोगा. तिच्या घरी बायकांचं येणंजाणं बंद झालं. आणि ही सगळी कुजबुज मी पारावर बसून ऐकत होतो, तंबाखू मळत. माझ्याइतका हरामखोर माणूस त्या दिवसांत त्या गावात दुसरा नव्हता.

त्या रात्री जेवताना बायकोनं ताट समोर ठेवलं आणि परसातली वाळलेली भेंडी ताटाशेजारी ठेवली. तिला कधी कळलं होतं कोण जाणे. एवढंच म्हणाली, "अवो, दोन धंदे बुडाले तवा मी काई बोलली का? पण हे पाप घरात नका आणू."

नवव्या दिवशी दीर आले. बरोबर गावातली दोन वयस्कर माणसं आणली होती, साक्षीला. काकू धुऱ्यावर उभी, डोक्यावर पदर. दीर एकेक पान तोडून त्या दोघांना दाखवत होते, आणि ते दोघं मान डोलवत होते. मीही गेलो होतो, कारण घरी थांबवेना. दीर म्हणाले की रानाचा दोष नाही, याच रानात भावानं गाडीभर कापूस काढला. वहिनींनी शब्द दिला होता, आता शब्द पाळावा. काकूनं हळूच मान हलवली. हो म्हणत होती ती. तिला स्वतःलाही वाटू लागलं होतं, की आपल्याच हातानं काहीतरी झालं.

मला वाटलं होतं मोठ्यानं बोलीन. दिरांकडं पाहून हळूच म्हटलं,

"काका, काकूनं काई नाई केलं. मी केलं. ज्वारीचं गड्डी मंदू मारलेला पंप नीट न धुता इथं आणला. मले सहा दिसापासून माहीत आहे."

पहिल्यांदा दीर बोलले, आणि ते मला मारतील असं वाटलं होतं, पण ते वळले काकूकडं. म्हणाले, बघा, माणूससुद्धा पारखता येत नाही तुम्हाला, शेती काय करता. म्हणजे मी खरं बोलूनही वावर तिच्या हातून जातच होतं. हा हिशेब मी धरलाच नव्हता.

काकूनं पदर मागं सारला. माझ्याकडं पाहिलं. तिचं ते पाहणं अजून झोपेत दिसतं.

"पंप धुवाचा राह्यला, ते समजते मले. माणूस हाय, चुकते. पण सहा दिस तू इथं बसून चहा पेला आन् झकास आहे म्हणला. ते कशानं धुशीन?"

मग दिराकडं वळून म्हणाली, "माणूस पारखाले चुकली, कबूल. चुकलं तर निस्तरीन. वावर सोडत नाई. दसऱ्यापर्यंत थांबा, मंग बोला."

त्या वयस्करांपैकी एकजण म्हणाला, ठीक आहे, दसऱ्यापर्यंत. बहुतेक माझ्यावरच्या रागानं म्हणाला.

निस्तरायला तिनं मलाच जुंपलं. नाल्याकडचा अर्धा भाग मी तिच्या डोळ्यांसमोर मोडला. तूर पेरायची वेळ टळलीच होती, तरी पेरली, उशिराची म्हणून दाट पेरली. वरच्या भागातले शेंडे मी आणि बायकोनं हातानं खुडले, एकेक झाड, बारा दिवस. पाऊस असो, ऊन असो. काकू मागून चालायची आणि राहिलेलं झाड दिसलं की फक्त बोट दाखवायची. गावातले लोक धुऱ्यावर उभं राहून मजा पाहायचे, ओ पंपवाले म्हणून हाका मारायचे. मी खाली मान घालून खुडत होतो, आणि खरं सांगतो, खुडताना निदान जेवण तरी गिळवत होतं. त्या सहा दिवसांत तेही गिळवत नव्हतं.

दसऱ्याला वरच्या भागात झाडं फुटली होती, बोंडं धरली होती. भरघोस नव्हे, पण डोळ्यांना दिसतील इतकी. तूर खुरटी, पण उभी. दीर आले, धुऱ्यावरून चालत गेले, चालत परत आले आणि घरी गेले. त्या वर्षी त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. म्हणजे विषय मिटला असं नाही. दर साली पेरणीच्या आधी ते एकदा धुऱ्यावर येऊन उभे राहतातच.

माझ्या धंद्याचं दुकानदारानं सांगितलं तसंच झालं. दोन हंगाम कुत्र्यानंही विचारलं नाही. पंप गोठ्यात पडून, मी दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. मग एक दिवस पलीकडच्या गावचा एक शेतकरी आला. म्हणाला, तूच ना तो, वावर जाळून स्वतः सांगणारा? मी म्हटलं, हो, मीच तो. तो म्हणाला, बाकीचे जाळतात अन् सांगत नाहीत, तू चल. असा तो धंदा पुन्हा उठला. आज गवताचा पंप वेगळा आहे, त्याला लाल रंग, तो कपाशीच्या वावराच्या धुऱ्यालाही लागत नाही. फवारल्यावर आठव्या दिवशी मी न बोलावता जातो आणि शेंडे पाहतो. हाताखाली सहा माणसं आहेत, आणि आता ड्रोन. कोटवाला याला यश म्हणतो. म्हणू दे. हाताखालच्या माणसानं धुतलाय म्हटलं तरी मी टाकीत नाक घालून वास घेतो, आणि ही खोड कोणत्याच यशानं गेली नाही.

यंदा पहिल्यांदा काकूच्या वावरात ड्रोन नेला. ती आता थकली आहे, धुऱ्यावर बसून पाहत होती. ते यंत्र घोंघावत कपाशीवरून गेलं, वळलं, पुन्हा गेलं. चहापाणी होईतो चारही एकर झाले. त्या वर्षी याच कामाला मला अख्खी दुपार लागली होती. मी जरा तोऱ्यातच तिच्याजवळ गेलो. वाटलं, आता तरी शाबास म्हणेल.

तिनं विचारलं, "आता चुकलास तं किती येळ लागन?"

मी म्हटलं, "अर्धा घंटा, काकू. चारही एकर."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पदर खोचला आणि कपाशीच्या तासात, ओळींच्या मधे, उतरली, एकेक शेंडा चिमटीत धरून पाहत. आठ दिवसांच्या आत काही दिसत नाही हे तिला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तरी ती पुढं पुढं पाहत गेली, आणि मी तिच्या मागून, ती सोडेल ते झाड पाहत.